ज्वारीतली सीडी

ईसीजीचा कागद लॅमिनेट करू नका, हे मी या जिल्ह्यात किती घरांत सांगितलंय ते मोजायचं आता सोडून दिलंय. तो कागद उष्णतेवर उमटतो. लॅमिनेशनच्या यंत्रात घातला की तिथल्या तिथे काळाठिक्कर पडतो. पण आपल्याकडे ज्या कागदाबद्दल आदर वाटतो तो लॅमिनेट होतो, मग तो जातीचा दाखला असो की सुनेच्या हृदयाचा आलेख. भूमच्या एका घरात सासऱ्यांनी मला असाच एक काळा कुळकुळीत पुठ्ठा दोन्ही हातांनी दिला. म्हणाले, "बगा मॅडम, किती जपून ठिवलंय." मी बघितलं. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

मी चैताली. राहते तुळजापुरात, शिक्षण नर्सिंगचं, आणि गेलं दीड वर्ष एका संशोधन प्रकल्पात काम करते. विषय आहे पन्नाशीच्या आतल्या बायकांना येणारे हार्ट अटॅक, आणि त्यातलाही एक वेगळा प्रकार. यात चरबी साचून नस बंद होत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत आतून आपोआप फाटते, भिंतीच्या पदरांमध्ये रक्त शिरतं आणि त्या दाबानं धमनी चिमटली जाते. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही. कालपर्यंत घागरी वाहणारी पोरगी आज छाती धरून खाली बसते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तर याचा धोका जास्तच. पण वय तीस म्हटल्यावर हे हृदयाचं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. तिला ॲसिडिटीची गोळी मिळते, नाहीतर टेन्शन घेऊ नका असा सल्ला मिळतो, नाहीतर अंगारा.

अशा बायका दवाखान्यांच्या नोंदींतून शोधायच्या, घरी जायचं, कागद गोळा करायचे, बारा पानी फॉर्म भरायचा आणि पुण्याला डॉ. उमादेवींकडे पाठवायचा, एवढंच माझं काम. एवढंच म्हणायला काय जातं? बाई गेल्यावर कुणी तिच्या साड्यांबरोबर रिपोर्टही वाटून टाकलेले असतात. कुणाकडे पहिलं पान असतं, तिसरं असतं, निदान लिहिलेलं दुसरं तेवढं नसतं. नवरा म्हणतो बायकोला विचारा, बायको म्हणते ह्यांना विचारा. घरी आल्यावर मी एकेक किस्सा सांगत फणफणत बसते. माझे वडील तात्याराव, निवृत्त मास्तर, पेपर वाचता वाचता म्हणतात, "बाई, तू चिडतेस लई आणि ऐकतेस कमी." मला ते अजिबात पटायचं नाही. या जिल्ह्यात माझ्याइतकं ऐकून घेणारी दुसरी कोण आहे, असं मला वाटायचं.

गेल्या मंगळवारी उमादेवी मॅडमचा फोन आला.

"चैताली, सतरा नंबर तू का वगळलीस?"

सतरा नंबर म्हणजे सास्तूरची अर्पिता. "मॅडम, तिची अँजिओग्राफी नॉर्मल आहे. फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय, नॉर्मल असेल तर वगळा."

"लिहिलंय. आणि चुकीचं लिहिलंय. मी आज सगळे वगळलेले फॉर्म पुन्हा काढलेत. हे बघ, धमनी अशी फाटते तेव्हा प्रत्येक वेळी अडथळा ठळक दिसत नाही. कधी कधी ती नुसती लांबच लांब, गुळगुळीत, बारीक झालेली असते. बघणाऱ्याला वाटतं, हिची नसच मुळात बारीक आहे, आणि तो नॉर्मल लिहून मोकळा होतो. ही तेव्हा एकतीस वर्षांची, बाळंत होऊन पाच आठवडे झालेली, छातीत दुखलं, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन एवढं वाढलेलं. काही झालंच नसेल तर ट्रोपोनिन कसं वाढेल? मला रिपोर्ट नको. मला अँजिओची सीडी हवी."

मी तोंडानं "हो मॅडम" म्हटलं आणि मनात बरंच काही म्हटलं. फॉर्म पाठवून आठ महिने झाल्यावर ह्यांना साक्षात्कार झाला. आता पुन्हा एसटी, पुन्हा लोहारा, पुन्हा काळीपिवळी.

जाण्याआधी मी अर्पिताला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला. ती हळू आवाजात बोलत होती.

"ताई, बरं झालं तुमीच फोन केला. एक विचारू? खरं खरं सांगा. मला दुसरं लेकरू होऊ द्यावं का?"

"का? काय झालं?"

"घरी सगळे मागं लागलेत. पहिली मुलगी हाय न्हवं. आमचे हे, सोमेश पण म्हणतेत, रिपोर्ट साफ हाय तर भ्यायचं कशाला. पण ताई, मला भ्या वाटतंय. चढ चढले तरी छातीत भरून येतंय. गोळ्या बंद हायत."

"गोळ्या बंद? कुणी केल्या?"

तिकडून कुणाची तरी हाक ऐकू आली आणि फोन बंद झाला.

आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हृदयाचा वेग काबूत ठेवणाऱ्या गोळ्या अशा मनानंच बंद करतात? कुण्या शहाण्यानं सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी लोहाऱ्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत मी त्या न बघितलेल्या शहाण्याला शिव्या घालत होते. मॅडमचा संशय खरा असेल, तर गोळ्यांशिवाय दुसरं बाळंतपण म्हणजे त्या पोरीच्या जिवाशी खेळ होता. आणि तो खरा की खोटा, हे फक्त त्या सीडीवरून कळणार होतं.

सास्तूरला भूकंपानंतर नव्यानं आखलेल्या सरळ गल्ल्या आहेत, घर चुकण्याची सोय नाही. अर्पिताच्या सासूबाई कडूबाई अंगणात नातीला मांडीवर घेऊन भरवत होत्या. सव्वा वर्षाची पोरगी, तोंडभर वरणभात. सासरे उत्तरेश्वर नुकतेच शेतातून आलेले, खाटेवर टेकलेले. अर्पितानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जूनमध्ये पाहिली होती त्याहून वाळली होती.

"मामा, सोलापूरला तपासणी केली तेव्हा एक सीडी दिली होती ना? ती हवी होती."

"सीडी व्हय? हाय की."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दीड वर्षात 'हाय की' हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कुठं आहे?"

"ज्वारीत."

मला वाटलं, ज्वारीच्या कणगीत ठेवली असेल. लोक ठेवतात अशा जागी महत्त्वाचं काही. म्हटलं, काढून देता का? ते उठले आणि पायात चप्पल घालून निघाले. मी मागं, अर्पिता माझ्या मागं, नातीला कडेवर घेतलेल्या कडूबाई सगळ्यांत शेवटी. रस्ता ओलांडला, ओढा ओलांडला. ओढ्याचा चढ चढताना अर्पिता दोनदा थांबली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, की ज्वारीत म्हणजे उभ्या पिकात.

ज्वारी डोक्याएवढी झाली होती, कणसं हुरड्याला आलेली. बांधाच्या कडेनं काठ्या रोवलेल्या, काठ्यांना दोरे बांधलेले आणि दोऱ्यांना लटकलेल्या सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. ऊन त्यांच्यावरून असं उसळत होतं की डोळे दिपावेत.

"एक पाखरू येत न्हाय बगा," उत्तरेश्वर कौतुकानं म्हणाले. "गोफणीनं खांदा दुखायचा. आता सगळं निवांत." त्यांच्या मागच्याच कणसावर दोन चिमण्या दाणे टिपत होत्या.

"यातली अर्पिताची कोणती?"

त्यांनी टोपी मागं सरकवली आणि सगळ्या काठ्यांवरून नजर फिरवली. "आता त्ये कसं सांगावं?"

सात सीड्या होत्या. मार्करनं लिहिलेलं असलं तरी ऊन आणि दवानं धुऊन गेलेलं. माझा तोल गेला. मला लाज वाटते सांगायला, पण मी त्या वडीलधाऱ्या माणसावर त्यांच्याच बांधावर उभी राहून ओरडले.

"मामा, ही तुमच्या सुनेच्या काळजाची तपासणी आहे! ही पाखरं हाकलायला लावायची वस्तू आहे का? आणि गोळ्या? गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या? कुणी सांगितलं तुम्हाला की तिला काही झालेलं नाही?"

उत्तरेश्वर चिडले नाहीत. उलट त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"तुमीच की."

"मी?"

"जूनमधी आलताव न्हवं. खाटंवर बसून रिपोर्ट वाचलाव. म्हणलाव, नॉर्मल हाय, काळजीचं कारण न्हाय. हिनं दोन बारी विचारलं," त्यांनी कडूबाईंकडे हात केला, "नक्की का मॅडम? तुमी म्हणलाव, व्हय, नक्की. मंग त्याच सांजंला गोळ्या बंद केल्या. पोरीला उगंच सवय नको म्हणून. सीडी तेवढी पेटीत ठिवली हुती. पण आजारच न्हाय तर सीडी ठिवून काय करायचं? म्हणून ह्या सालाला हितं लावली."

"आमी देवीला नारळ फोडला त्या दिशी," कडूबाई म्हणाल्या. "तुमच्या नावानं."

मला सगळं आठवलं. दुपार टळत आली होती, लोहाऱ्याची शेवटची सोयीची गाडी गाठायची होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट होता आणि त्याच्या खाली ही सीडीही होती. ती मी हातात घेऊन परत पिशवीत ठेवली होती. फॉर्मवर 'वगळले'च्या चौकोनात खूण केली होती आणि जाता जाता, माणसांना बरं वाटावं म्हणून, ते वाक्य बोलले होते. तो शहाणा, ज्याला मी लोहाऱ्यापर्यंत शिव्या घातल्या, तो मीच होते.

मी अर्पिताकडे बघायचं टाळलं आणि दोरे सोडायला लागले. गाठी दवानं घट्ट झाल्या होत्या. शेवटी उत्तरेश्वरांनी विळा काढला.

सात सीड्या माझ्या ओढणीत बांधून आणल्या आणि मग पुढचं संकट. सीडी लावायची कुठं? माझ्या लॅपटॉपला ती चकती घालायची फटच नाही. आजकाल कुठल्याच लॅपटॉपला नसते. शेजारच्या मास्तरांच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह कधीच मेलेला. शेवटी अर्पिता म्हणाली, "श्रीनाथकडं असंल. त्यानंच आमच्या लग्नाची सीडी करून दिलती."

श्रीनाथचा फोटो स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा, आत निळा पडदा आणि धूळ खात पडलेला जुना जाडजूड कॉम्प्युटर. त्यानं आमच्याकडे बघितलं, ओढणीतल्या सीड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "चालतोय. पण ट्रे अडकतोय. बारीक टोचावं लागतंय." कडूबाईंनी मुकाट्यानं हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली.

पहिली सीडी कोरी निघाली. दुसरी लागली तर पडद्यावर बँडवाले. "आरं, ही तर आपल्या नंदीशची वरात!" उत्तरेश्वर खुर्ची ओढून पुढं सरसावले. मी त्यांच्याकडे बघितलं, ते परत मागं सरकले. तिसरीत एक सदरा घातलेला माणूस तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होता. चौथीला तडा गेलेला. पाचवी आत गेली आणि बराच वेळ नुसती घरघर. श्रीनाथनं ट्रेवर एक चापट मारली. घरघर थांबली, एक काळी खिडकी उघडली आणि कोपऱ्यात इंग्रजीत अर्पिताचं नाव आलं.

बऱ्याच फायली उघडल्याच नाहीत. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला एक चालली.

करड्या पडद्यावर काहीतरी आकसत होतं, फुलत होतं. मग काळा रंग सोडला गेला आणि धमन्या वरून खाली उमटत गेल्या, जशा आल्या तशा पुसट झाल्या.

"हे माझं हाय?" अर्पितानं विचारलं.

"तुझं आहे."

मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण प्रशिक्षणात मॅडमनी अशी चित्रं इतक्यांदा दाखवली होती की मला ते दिसलं. पुढून उतरणारी मोठी धमनी चांगली जाड येत होती आणि निम्म्यात, कुठलाही फाटा फुटलेला नसताना, एकदम बारीक होऊन तशीच दोऱ्यासारखी खालपर्यंत जात होती. मी मोबाइलनं पडद्याचा व्हिडिओ काढून मॅडमना पाठवला. चार मिनिटांत फोन.

"स्पीकरवर टाक," मॅडम म्हणाल्या. "घरचे आहेत का तिथं? ऐका. मोबाइलवरच्या व्हिडिओवरून मी शेवटचा शब्द सांगणार नाही, मूळ सीडी मला बघावीच लागेल. पण मला जवळपास खात्री आहे. हिची नस साफ नव्हती. नस आतून फाटली होती. हिला हार्ट अटॅक आला होता, खराखुरा. बहुतेक वेळा अशी नस आपोआप भरून येते, पण पुन्हा फाटू शकते. गोळ्यांचं आजच्या आज सोलापूरच्या डॉक्टरांशी बोलायचं, ते मी चैतालीला सांगते. आणि सोमवारी हिला घेऊन पुण्याला या."

"आन् दुसरं लेकरू?" कडूबाईंनी फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारलं.

"मावशी, मी तपासल्याशिवाय त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि तपासल्यावरही मी बहुधा नकोच म्हणेन. एक लेकरू आहे, त्याला आई राहू द्या."

फोन ठेवला. पडद्यावर ती फाइल परत पहिल्यापासून सुरू झाली होती. कडूबाईंनी नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. उत्तरेश्वर बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग सुनेकडे वळले. त्यांचा आवाज खरोखर कळवळलेला होता.

"आगं पोरी, मंग हे आदी सांगायचं न्हाय व्हय आमाला?"

अर्पितानं त्यांच्याकडे बघितलं. तिला हसू आलं, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"सांगत हुते की मामा. सव्वा वरीस झालं, तेच सांगतेय. तुमाला सांगितलं, आत्याबाईंना सांगितलं, सोमेशला सांगितलं. तुमी म्हणला, रिपोर्ट साफ हाय, नाटकं कशाला करती. तवा म्या सांगितलेलं खोटं, आन् आता श्रीनाथच्या टीव्हीवर दिसलं म्हणून खरं."

उत्तरेश्वरांनी टोपी काढून हातात घेतली. मला त्यांचा राग यायला हवा होता. सकाळपासून एवढा राग साठवून आणला होता, तो काढायला याहून चांगली जागा नव्हती. पण मला तो काढता येईना.

"ह्यांना काही म्हणू नकोस," मी म्हटलं. "नॉर्मल आहे असं मी सांगितलं होतं. सीडी माझ्या हातात होती, मी ती बघायला पाठवली नाही. फॉर्मवर तुला वगळलं, ते मीच. माझं चुकलं, अर्पिता."

श्रीनाथ उगीचच माऊस पुसत होता.

मी पिशवीतून नवा फॉर्म काढला. बारा पानं. नाव, वय, तालुका, बाळंतपणं किती, ट्रोपोनिन किती, ईसीजी आहे का, अँजिओ नॉर्मल की नॉर्मल नाही. पानं उलटत गेले तेव्हा पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की ज्या बाईचा फॉर्म आहे तिनं काय सांगितलं, ते लिहायला त्यात कुठंच जागा नाही. दीड वर्ष मी हाच फॉर्म भरत होते. मी शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वर तिचं नाव लिहिलं.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं. मला घाई नाही."

अर्पिता श्रीनाथच्या स्टुलावर बसली. सासू-सासरे उभेच राहिले, पण दोघंही तिच्याकडे बघत होते.

"सांजंची येळ हुती. लेकीला पाजत बसले हुते. आदी डावा हात जड झाला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यागत. मंग छातीवर पाटा ठिवल्यागत झालं. दम घेता यीना. मला कळलं, आता म्या पडणार. तर लेक माझ्याखाली येईल म्हणून आदी तिला गादीवर ठिवलं, तिच्या कडंनं उशी लावली. मंग पडले."

कडूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

मी लिहीत होते. जूनमध्येही तिनं हेच सांगितलं होतं, हात जड झाल्यापासून ते उशी लावण्यापर्यंत, याच शब्दांत. मला चांगलं आठवत होतं. तेव्हा माझा पेन उघडा होता, आणि मी त्यानं 'वगळले'चा चौकोन शोधत होते.